शेवटची तारीख नसलेला हप्ता

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली

महोदय,

गेमिंग कन्सोल आणि त्याच्याशी जखडलेली ऑनलाइन सेवा यांच्या किमती कशा सांगितल्या जातात, याबद्दल हे पत्र आहे. आपल्यासमोर भेसळ, फसव्या जाहिराती, विमा आणि घरबांधणी यांच्या तक्रारींचा ढीग असताना हा विषय किरकोळ वाटण्याची शक्यता आहे, हे मी जाणतो. तरीही तो आपल्यापुढे ठेवतो आहे, कारण वस्तू स्वस्तात द्यायची आणि तिचे पैसे पुढे वर्गणीतून वसूल करायचे, ही रीत या व्यवसायात इतकी स्पष्ट दिसते की तिचा हिशोब कागदावर मांडता येतो. तो हिशोब मांडला की एक गोष्ट लक्षात येते. दुकानात जिला सवलत म्हणतात, ती प्रत्यक्षात उधारी आहे. उधारी देण्यात गैर काही नाही. पण उधारीची एकूण रक्कम, मुदत आणि अटी घेणाऱ्याला आधी सांगाव्या लागतात. आपल्या देशात बँकेला हा नियम लावलेला आहे. उपकरण विकणाऱ्याला तो अजून लावलेला नाही, आणि तो लावावा एवढीच माझी मागणी आहे.

सुरुवात एका जुन्या आणि स्वच्छ उदाहरणापासून करतो. मे २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेतल्या आपल्या दुकानांत एक योजना आणली. ४ जीबीचा एक्सबॉक्स ३६० आणि सोबत किनेक्ट कॅमेरा, किंमत ९९ डॉलर. एरवी हाच संच २९९.९९ डॉलरला मिळे. अट अशी, की ग्राहकाने दोन वर्षे दरमहा १४.९९ डॉलर भरून एक्सबॉक्स लाइव्ह गोल्ड ही सेवा घ्यायची, आणि मुदतीआधी करार मोडला तर दंड भरायचा. चोवीस महिन्यांचे पैसे धरले की एकूण खर्च ४५८.७६ डॉलर होतो. त्या वेळी गोल्डची वार्षिक वर्गणी ५९.९९ डॉलर होती. संच रोखीने घेऊन ती वर्गणी दोनदा भरली असती, तर ४१९.९७ डॉलरमध्ये काम झाले असते. वरचे ३८.७९ डॉलर हे व्याज. वार्षिक वर्गणीच्या हिशोबाने सेवेचे महिन्याला पाच डॉलर होतात. ते वगळले तर उरलेले दहा डॉलर ही कंपनीने दिलेल्या सुमारे २०१ डॉलरच्या उधारीची परतफेड ठरते. घटत्या शिलकीवर हा दर वर्षाला साडेसतरा टक्क्यांच्या आसपास जातो. योजनेच्या मोठ्या अक्षरांत मात्र ९९ हाच आकडा होता.

आता याच कराराची दुसरी बाजू पाहू, कारण ती सोडली तर युक्तिवाद लंगडा राहील. गोल्डची वर्गणी दर महिन्याला सुटी भरणाऱ्याला तेव्हा ९.९९ डॉलर पडत. त्या दराने दोन वर्षांची सेवा आणि रोखीचा संच मिळून ५३९.७५ डॉलर होतात, म्हणजे करार घेणाऱ्याचे जवळपास ८१ डॉलर वाचतात. एकच करार, एकच ग्राहक. एका तुलनेत त्याचे ३९ डॉलर जातात, दुसरीत ८१ डॉलर वाचतात. कोणती तुलना खरी, याचे उत्तर ग्राहकाकडे नाही, कारण दोन्ही छापील दर विक्रेत्यानेच ठरवलेले आहेत. धान्य महाग वाटले तर माणूस पुढच्या दुकानात जातो. कन्सोल घेतल्यावर ऑनलाइन खेळण्याची सेवा पुरवणारा दुसरा कोणी नसतो. एक्सबॉक्सवर मायक्रोसॉफ्ट, प्लेस्टेशनवर सोनी. त्यामुळे 'सवलत किती' हा आकडा बाजारात घासून ठरत नाही. ज्याच्या हातात वस्तूची किंमत आहे त्याच्याच हातात सेवेची किंमत आहे, आणि एकीकडचे कमी करून दुसरीकडे वाढवण्याचा अधिकारही त्याचाच आहे. म्हणून वस्तूची किंमत एकटी सांगणे म्हणजे अर्धी किंमत सांगणे होय.

पुढच्या योजना अधिक सभ्य होत्या, हेही नमूद केले पाहिजे. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेत 'एक्सबॉक्स ऑल ॲक्सेस' सुरू केली. २०२० मध्ये नवे कन्सोल आले तेव्हा ती बारा देशांत पोचली. भारत त्यांत नव्हता. अमेरिकेत सिरीज एस महिना २४.९९ डॉलरला आणि सिरीज एक्स ३४.९९ डॉलरला, चोवीस महिने, व्याज शून्य, आणि त्यातच गेम पास अल्टिमेट ही खेळांचा संग्रह आणि ऑनलाइन खेळण्याची सोय देणारी सेवा. हिशोब केला तर सिरीज एस घेणाऱ्याचे ५९९.७६ डॉलर जातात. वेगवेगळे घेतले असते तर त्या वेळच्या दराने ६५९.७५ डॉलर लागले असते. इथे ग्राहकाचा साठ डॉलरचा निखळ फायदा आहे. शिवाय हप्त्याची रक्कम ठरलेली, हप्त्यांची संख्या ठरलेली, शेवटचा महिना ठरलेला. माझा मुद्दा नेमका इथूनच पुढे सरकतो. करारबद्ध उधारी ही या धंद्यातली सर्वांत प्रामाणिक अवस्था आहे, कारण तिला शेवट आहे. चोविसावा हप्ता फिटल्यावर कन्सोल ग्राहकाचा होतो, पण बहुतेक विकतचे खेळ मित्रांबरोबर ऑनलाइन खेळण्यासाठी वर्गणी चालूच ठेवावी लागते, आणि आता तिच्या दरावर कसलेही बंधन उरत नाही.

त्या दराचे काय झाले ते पाहा. नोव्हेंबर २०२० मध्ये गेम पास अल्टिमेट अमेरिकेत महिना १४.९९ डॉलर होता. २०२३ मध्ये तो १६.९९ झाला, २०२४ मध्ये १९.९९ आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एकदम २९.९९. पाच वर्षांत दुप्पट. भारतात ऑक्टोबर २०२५ च्या त्याच फेरीत दर ८२९ रुपयांवरून १,३८९ रुपयांवर नेला गेला. या सेवेत खेळांचा मोठा संग्रह येतो आणि ऑनलाइन खेळण्याची सोय देणारी स्वस्त श्रेणीही आहे, हे खरे. पण सोनीच्या बाजूला तशा स्वस्त श्रेणीचाच दर चढला. प्लेस्टेशन प्लस इसेन्शियलची वार्षिक वर्गणी सप्टेंबर २०२३ मध्ये ५९.९९ डॉलरवरून ७९.९९ डॉलर झाली. ज्या घरात कन्सोल आधीच आला आहे, मुलांचे खेळ विकत घेतले आहेत, त्यांची खाती आणि मित्रमंडळ तिथे जमले आहे, त्या घराला या वाढीला नकार देण्याची किंमत कन्सोलच्या किमतीइतकी पडते. वाढीचा बोजा बसतो तो नेमका अशा ग्राहकावर, ज्याला दुसरीकडे जाण्याची सोय नाही.

कन्सोल तोट्यात विकला जातो, मग तो तोटा कुठून तरी भरून काढावाच लागणार, असे यावर सांगितले जाईल. तोटा होतो हे मान्य आहे. एपिक विरुद्ध ॲपल खटल्यात मे २०२१ मध्ये एक्सबॉक्सच्या उपाध्यक्षा लोरी राइट यांनी शपथेवर सांगितले, की एक्सबॉक्स कन्सोलच्या विक्रीतून मायक्रोसॉफ्टला कधीच नफा झालेला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये तेव्हाचे गेमिंगप्रमुख फिल स्पेन्सर यांनी एका कन्सोलमागे १०० ते २०० डॉलर कंपनी सोसते असे जाहीरपणे सांगितले. हे पैसे खेळांच्या विक्रीतून, दुकानातल्या कमिशनमधून आणि वर्गणीतून परत येतात. म्हणजे ज्याने कोणताच करार केला नाही, रोख पैसे मोजून कन्सोल घरी नेला, त्यालाही एक उधारी चिकटलेली आहे. फक्त तिची रक्कम, तिचा दर आणि तिची शेवटची तारीख त्याला कोणी सांगितलेली नाही. कर्ज फिटले की हप्ता थांबतो. इथे तसे घडत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सोनीने आपला ४९९ डॉलरचा प्लेस्टेशन ५ आता तोट्यात विकला जात नसल्याचे सांगितले. त्यानंतर वर्गणी उतरली नाही. दोन वर्षांनी वर दिलेल्या आकड्यांप्रमाणे ती एक तृतीयांशाने वाढली.

दुसरा आक्षेप सेवेच्या खर्चाचा. सर्व्हर, देखभाल, सुरक्षा यांना पैसे लागतातच. लागतात, पण वर्गणी त्या खर्चावरून ठरते असे इतिहास सांगत नाही. प्लेस्टेशन ३ वर ऑनलाइन खेळणे फुकट होते. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आला आणि बहुतेक खेळांसाठी वर्गणी सक्तीची झाली. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये विंडोज संगणकावरही ऑनलाइन खेळण्याच्या काही सोयींसाठी गोल्डचे पैसे मागून पाहिले, आणि पुढच्याच वर्षी ते सोडून दिले. संगणक खुला असतो, तिथे खेळाडू दुसऱ्या वाटेने जातो. कन्सोलला एकच दार आहे. जानेवारी २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने गोल्डच्या सहा महिन्यांचा दर ६० डॉलर करण्याची घोषणा केली, म्हणजे वर्षाला १२०. ग्राहकांचा इतका संताप उसळला की कंपनीने त्याच दिवशी ती मागे घेतली, आणि फुकट खेळांसाठी गोल्डची अटही काढून टाकण्याचे जाहीर केले. सर्व्हरचा खर्च एका दिवसात निम्मा होत नाही. दर ठरतो तो ग्राहक किती सोसेल यावर, आणि म्हणूनच ग्राहकाला खरेदीआधी माहिती असणे हाच त्याच्या बाजूचा एकमेव लगाम आहे.

महोदय, ही माहिती सक्तीची करणे आपल्या देशाला नवीन नाही. वेष्टनावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याचा नियम आपल्याच मंत्रालयाचा आहे. ग्राहकाला एकच, पूर्ण आकडा दिसला पाहिजे हे त्यामागचे तत्त्व. १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने शून्य टक्के व्याजाच्या हप्त्यांवर बोट ठेवले आणि शून्य व्याज असे काही नसतेच, ते प्रक्रिया शुल्कात दडवले जाते, असे बँकांना सुनावले. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ मुदतकर्जासोबत एक तथ्यपत्रक देणे बंधनकारक आहे, ज्यात सर्व खर्च धरून वार्षिक दर लिहावा लागतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या प्राधिकरणाने डार्क पॅटर्न्सविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या रचनांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वे आणली. त्यांत वर्गणीचा सापळा आणि किंमत थेंबाथेंबाने उघड करणे या दोन्ही प्रकारांचा समावेश आहे. पण सापळ्याच्या व्याख्येचा भर वर्गणी रद्द करणे अवघड करण्यावर आहे. कन्सोलची वर्गणी रद्द करता येते. रद्द केली की विकत घेतलेल्या वस्तूची एक मुख्य उपयुक्तता बंद पडते, एवढेच. कर्जाचा नियम कन्सोलला लागू होत नाही, कारण कागदावर ते कर्ज नाही. कमाल किमतीचा नियम वर्गणीला लागू होत नाही, कारण ती खोक्यात नाही. या दोन नियमांमधल्या फटीत हा सगळा व्यवहार बसतो.

ती फट बुजवण्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम १८ खाली मार्गदर्शक तत्त्वे काढण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. माझ्या मागण्या तीन आहेत. पहिली, ज्या उपकरणाची जाहिरात केलेली सोय सशुल्क सेवेशिवाय चालत नाही, त्याच्या खोक्यावर आणि ऑनलाइन विक्रीच्या पानावर, उपकरणाच्या किमतीइतक्याच ठळक अक्षरांत, आजच्या दराने तीन वर्षांचा एकूण खर्च छापावा आणि सेवेविना काय चालेल, काय बंद पडेल हे सोप्या शब्दांत, मराठी-हिंदीसारख्या भाषांतही लिहावे. दुसरी, हप्ता आणि सेवा एकत्र विकली जात असेल, तर तिला कर्जासारखेच तथ्यपत्रक लागू व्हावे: एकूण रक्कम, रोखीची किंमत, मुदतीआधी सोडण्याचा दंड. तिसरी, चालू ग्राहकाचा दर वाढवायचा असेल तर त्याची स्पष्ट संमती घ्यावी. मौन म्हणजे होकार मानू नये. आज रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे आपोआप पैसे कापले जाण्याच्या चोवीस तास आधी सूचना येते. ती उपयोगी आहे, पण ती खरेदीनंतर येते, आणि एका दिवसाच्या मुदतीत कुटुंबाला करता येण्याजोगे फारसे काही नसते.

या मागण्यांवरचा सर्वांत वजनदार आक्षेप गरिबांच्या बाजूने घेतला जातो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो. एकरकमी चाळीस-पन्नास हजार रुपये काढणे बहुसंख्य घरांना शक्य नाही. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेला प्लेस्टेशन ५ डिस्क ड्राइव्हसह ४९,९९० रुपयांचा होता. थोडे पैसे आधी आणि बाकी महिन्याला, ही सोय बंद पडली तर खेळ श्रीमंतांच्याच मुलांचा राहील, असे म्हटले जाते. मी सोय बंद करा म्हणत नाही. ऑल ॲक्सेससारखी योजना उद्या भारतात आली, तर तिचे स्वागतच करावे. पण महिन्याच्या पगारात घर चालवणाऱ्यालाच एकूण आकड्याची गरज सर्वांत जास्त असते. ज्याच्याकडे पैसा मुबलक आहे त्याला दरमहा पाचशे वाढले तरी कळत नाही; ज्याचे बजेट रुपयारुपयावर उभे आहे, त्याची चूक महागात जाते. पूर्ण किंमत पाहून एखाद्या कुटुंबाने तरीही हप्ता स्वीकारला, तर तो त्यांचा डोळस निर्णय असेल. पूर्ण किंमत पाहून त्यांनी जुना कन्सोल घेतला किंवा एकट्याने खेळायचे खेळ निवडले, तर तोही त्यांचा हक्क आहे. किंमत दडवल्याने गरिबाचा फायदा होतो, हा युक्तिवाद कोणत्याच कसोटीला उतरत नाही.

भविष्यातला दर आज कसा सांगणार, असाही प्रश्न कंपन्या विचारतील. सांगू नये; आजच्या दराने हिशोब द्यावा आणि 'दर बदलू शकतो' हे त्याच आकाराच्या अक्षरांत लिहावे. संमतीची अट अव्यवहार्य आहे, असेही म्हटले जाईल. पण ऑक्टोबर २०२५ च्या दरवाढीत दक्षिण कोरिया आणि जर्मनीसारख्या काही देशांत आधीपासून वर्गणी भरणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टने तूर्त जुन्याच दरावर ठेवले, आणि कारण दिले स्थानिक नियमांचे. म्हणजे नियम असला की तीच कंपनी, तीच सेवा, तीच संगणकप्रणाली थांबू शकते.

शेवटी, खेळण्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, या शंकेबद्दल. कन्सोल हे निमित्त आहे; रीत सगळीकडे पसरते आहे. जुलै २००३ मध्ये रिलायन्सच्या मान्सून हंगामा योजनेत ५०१ रुपयांत मोबाइल हाती आला आणि पुढे थकलेल्या बिलांचा मोठा प्रश्न उभा राहिला. २०२१ मध्ये जिओफोन नेक्स्टची रोख किंमत ६,४९९ रुपये होती. १,९९९ रुपये, ५०१ रुपये प्रक्रिया शुल्क आणि तीनशेचे चोवीस हप्ते भरणाऱ्याचे, डेटा धरून, ९,७०० रुपये होत. २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने काही देशांत गाडीत आधीच बसवलेल्या गरम सीटसाठी मासिक शुल्क मागितले. टीका झाल्यावर पुढच्या वर्षी तो विचार सोडला. घरातली जी जी वस्तू इंटरनेटला जोडली जाईल, ती ती अशा वर्गणीला जोडता येईल. आज कन्सोलसाठी नियम केला, तर उद्या प्रत्येक वस्तूसाठी वेगळा लढा द्यावा लागणार नाही.

महोदय, कंपन्यांचा नफा रोखा, किमती बांधून द्या किंवा वर्गणी बंद करा, असे मी काहीही मागत नाही. ग्राहकाने पैसे मोजण्यापूर्वी त्याला पूर्ण आकडा दिसावा, एवढेच मागतो. आपण या विषयावर मसुदा तयार करून जनतेच्या हरकती आणि सूचना मागवाव्यात, ही विनंती. आणि हे पत्र वाचणाऱ्या पालकांनाही एक विनंती आहे: कन्सोल घेण्याआधी दुकानदाराला खोक्याची किंमत विचारून थांबू नका, तीन वर्षांत एकूण किती लागतील ते विचारा, आणि उत्तर लेखी मागा.

आपला विश्वासू,
एक ग्राहक